साठ टक्के

माझ्या ताईच्या मुलाला "जेवतोस का?" असं विचारलं की तो "साठ टक्के" म्हणतो. मग ताट वाढायचं की नाही ते आपण ठरवायचं. वाढलं तर पोटभर जेवतो. नाही वाढलं तर थोड्या वेळानं स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजायला लागतात, आणि आपण गेलो की म्हणतो, "चाळीस टक्के चुकले, मावशी."

त्यामुळे त्याचं नावच साठ टक्के पडलं. त्याच्या जन्मदात्या आईनंसुद्धा जिन्यावरून खाली वाकून "आमचे साठ टक्के तुझ्याकडे आलेत का गं?" असं विचारायला सुरुवात केली, तिथे बाकीच्यांचं काय!

ताई आमच्या वरच्याच मजल्यावर राहते. तिच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या भाऊजींचं, खाली गल्लीत चष्म्याचं दुकान आहे. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा, मागे पडदा, पडद्याआड डोळे तपासायची उंच खुर्ची आणि समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. भाऊजी दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं की हे?" असं विचारत असतात. सवय इतकी की घरी ताईनं दोन भाज्या वाढल्या तरी ते स्वतःलाच विचारतात, "ही बरी की ही?" अशा माणसाच्या पोटी हा मुलगा. खाण तशी माती म्हणावं, तर मातीनं खाणीच्या वरताण केली.

पोरगा गुणी. उंच, जरा वाकलेला, शर्टाचं वरचं बटण नेहमी लावलेलं. एका बँकेच्या जोखीम विभागात नोकरी. लोकांना दिलेलं कर्ज बुडेल का, हे तिथे आधीच काढतात म्हणे. छत्री वर्षाचे बारा महिने बरोबर, कारण पावसाची शक्यता शून्य कधीच नसते. ती छत्री तो दर आठवड्याला कुठेतरी विसरून येतो. पाऊस पडण्याचा हिशेब त्यानं केला होता, छत्री विसरण्याचा करायचा राहिला होता.

तर या मुलानं पुढे शिकायचं ठरवलं. विषय क्वांटिटेटिव्ह फायनान्स. मी त्याला विचारलं, "म्हणजे नेमकं काय रे?" त्यानं मला तासभर समजावलं. मला उमगलं ते एवढंच, की शेअरचा भाव उद्या वर जाईल की खाली, हे कुणालाही सांगता येत नाही. पण ते सांगता येत नाही हे अगदी दशांश चिन्हापर्यंत अचूक सांगायला शिकवणारी ही विद्या आहे. आमच्या शाळेत बाईंनी विचारलं आणि उत्तर आलं नाही की आम्ही "येत नाही" म्हणून खाली बसायचो. तेव्हा हा विषय निघाला असता तर आम्हीसुद्धा कुठल्या कुठे गेलो असतो.

अर्ज बरेच केले होते. तीन ठिकाणी प्रवेश मिळाला, आणि घरात अवकळा आली. एका ठिकाणी मिळाला असता तर गेला असता बिचारा. एकाही ठिकाणी नसता मिळाला तर बँकेत राहिला असता. तीन मिळाले आणि मुलगा जेवेना. म्हणजे चाळीस टक्क्यांवर आला.

ती लांबलचक नावं आमच्या जिभेवर काही केल्या बसेनात, म्हणून आम्ही आपली घरगुती नावं ठेवली. पहिलं मोठं नाव. ते एका मोठ्या शहरात, उंच इमारतीत. नाव घेतलं की बँकेतले लोक खुर्चीत सरळ होऊन बसतात. दुसरं थंड गाव. तिथे गणित फार, माणसं थोडी, आणि नाव सांगितलं की लोक "कुठेशी आलं ते?" विचारतात. तिसरं बसचं कॉलेज, आमच्याच शहरात. एक बस, मध्ये बदलायचीही नाही.

यादीत कोण वर हे बघावं, तर तिन्ही जगात पहिली. मोठं नाव पगारात पहिलं, थंड गाव गणितात पहिलं आणि बसचं कॉलेज विद्यार्थ्यांच्या समाधानात पहिलं. आमचे हे म्हणाले, "याद्या करणारा माणूस देवमाणूस दिसतो. कुणालाही रडवत नाही."

मोठ्या नावानं एकदा संगणकावर सभा घेतली. साठ टक्क्यांनी आम्हालाही बोलावलं. पडद्यावर तिथले संचालक, मागे पुस्तकांचं कपाट, पुस्तकं रंगाप्रमाणे लावलेली. ते म्हणाले, "आम्ही एक कुटुंब आहोत." ऐकायला जगभरातून हजारो मुलं, आणि सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवलेले.

ताई म्हणाली, "कुटुंबात असं बटण असतं तर!"

"कुणासाठी?" भाऊजींनी विचारलं.

"बघा, बटण असतं तर हा प्रश्न आला नसता."

मग एक मार्गदर्शक झाले. काचेच्या खोलीत बसतात, भिंतीवर टोप्या हवेत उडवणाऱ्या मुलांचे फोटो. त्यांनी विचारलं, "तुझं स्वप्न काय आहे?" हा म्हणाला, "सरासरी सांगू की टोकाचं?" मार्गदर्शकांनी मोठ्या नावाचं माहितीपत्रक पुढे सरकवलं. निघताना ताईच्या लक्षात आलं, की त्यांच्या टेबलावर माहितीपत्रकांचा जो गठ्ठा होता तो सगळा मोठ्या नावाचाच होता. दुसरं कुठलं त्यांनी ठेवलंच नव्हतं. "म्हणजे चपलांच्या दुकानात जाऊन टोपी घेऊ का विचारल्यासारखं झालं," ती म्हणाली.

थंड गावाची गोष्ट निराळी. तिथल्या प्राध्यापकांनी प्रवेशाआधी याच्याशी संगणकावर बोलणं केलं होतं. तेव्हा ताईकडे तिची जाऊ यायची होती म्हणून हा आमच्या बाहेरच्या खोलीत बसला होता, त्यामुळे मी सगळं पाहिलं. दाढी वाढलेला, कोपरावर विरलेला स्वेटर घातलेला माणूस. त्यानं एकच प्रश्न घातला. एक दारुडा कड्याजवळ उभा आहे. प्रत्येक पाऊल पुढे पडेल की मागे, नेम नाही. तो कड्यावरून पडेल का? आमचा मुलगा खुलला, भराभर उत्तर दिलं. प्राध्यापक म्हणाले, "छान. आता समज, कडाही हलतोय." आणि आमच्या साठ टक्क्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्या दोघांनी मिळून जे खोदायला घेतलं ते काही संपेना. बोलायची वेळ कधीच टळून गेली. तिकडे मागून कुणी बाई जेवायला हाका मारत होत्या, प्राध्यापक हातानंच "आलो, आलो" करत होते. शेवटी उत्तर आलं नाहीच. पण संगणक मिटल्यावर हा मुलगा हसत होता. पंचवीस वर्षांत मी त्याला असं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

त्या दिवसापासून तो दारुडा आमच्या घरी मुक्कामाला आला. वर्तमानपत्राच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांची रेघ आणि टोकाला एक ठिपका. न्हाणीघरातल्या आरशावर वाफ धरली की तिथे रेघ. माझ्या किराणाच्या पिशवीवरसुद्धा रेघ. आमच्या ह्यांनी तर जीवच लावला त्याला. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना विचारपूस करायला कुणीतरी हवंच असतं. रोज सकाळी जिन्यात गाठून विचारायचे, "काय रे, पडला का आपला दारुडा?"

"अजून नाही, काका."

"मग बरं आहे. लक्ष ठेव हो त्याच्यावर."

तिन्ही कॉलेजांना शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. तोवर हो म्हटलं नाही तर जागा गेली. आदल्या शनिवारी यानं ताईच्या जेवणाच्या टेबलावर संगणक मांडला आणि निवडीचं मॉडेल करायला घेतलं. पगाराला इतकं वजन, नावाला इतकं, हवामानाला इतकं, गणिताला इतकं. मी म्हटलं, "बाळा, देवापुढे तीन चिठ्ठ्या टाकू. एक उचल, आणि मोकळा हो."

"मावशी, चिठ्ठीही चालेल. पण एकदा उचलून काही सिद्ध होत नाही. निदान हजारदा उचलायला हवी."

"देवाला एकच गोष्ट हजारदा विचारायची नसते रे. राग येतो."

मॉडेलनं उत्तर दिलं, मोठं नाव. मला वाटलं, सुटलो. पण मुलाचा चेहरा पडला. "हे मॉडेल तपासलेलं कुठाय?" तो म्हणाला. त्याच्या बँकेतल्या साहेबांची शिकवण अशी, की कुठल्याही मॉडेलवर विश्वास ठेवण्याआधी ते भूतकाळावर चालवून बघायचं. ज्या गोष्टींचा निकाल लागून गेलाय त्या त्याच्यापुढे टाकायच्या, आणि त्यानं तेव्हा बरोबर सांगितलं असतं का, ते बघायचं. याला ते लोक बॅकटेस्ट म्हणतात.

"मग कर की," भाऊजी म्हणाले.

"त्यासाठी निकाल लागलेले निर्णय हवेत. लग्न, नोकरी, घर. जुनी माणसं हवीत." असं म्हणून त्यानं टेबलाभोवती बसलेल्या आम्हा चौघांकडे पाहिलं. खाटीक बकऱ्याकडे बघतो तसं नाही म्हणणार मी. पण बकऱ्यांना काय वाटत असेल ते कळलं.

रविवारी पहिला नंबर आमच्या ह्यांचा.

"काका, पाणी खात्यात नोकरी धरलीत, तेव्हा दुसरा पर्याय काय होता?"

"पोस्ट."

"मग पाणी का?"

"पोस्टाच्या कचेरीत दुपारचं ऊन यायचं."

"बस? सावलीला किती वजन देऊ? दहापैकी?"

"अरे, तीस वर्षं बसायचं होतं तिथे. दहा दे."

मग मी. "मावशी, लग्नाच्या वेळी तुझ्यापुढे पर्याय किती होते?"

"दोन."

"कुठले?"

"तेव्हाच हो म्हणायचं, नाहीतर रडून मग हो म्हणायचं."

त्यानं ते गंभीरपणे टिपून घेतलं. पुढे विचारलं, "आणि निकाल? दहापैकी किती सुखी आहेस?" आता हे शेजारीच बसलेले. मी म्हटलं, नऊ. हेही म्हणाले, नऊ. पण हा कसला बिलंदर! संध्याकाळी मला दळणाच्या वाटेवर एकटीला गाठून पुन्हा विचारलं, आणि ह्यांना गच्चीत एकट्यांना. मी आठ म्हटलं होतं. ह्यांनी सात सांगितलेत, हे मला मागाहून कळलं. तो एक गुण अजून आमच्या घरात कुठेतरी फिरतोय. भांडी घासताना मला मधूनच सापडतो.

भाऊजींनी दुकानाची हकीगत सांगितली. चौकातली मोठी जागा मिळत होती, ती सोडून ही गल्लीतली घेतली. का, तर जागेचा मालक भला वाटला. ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला एक स्थळ आलं होतं जहाजावरचं. आणि एक हे."

"मग बाबाच का?"

"कणीक मळू दे मला," ताई म्हणाली. त्यानं 'माहिती उपलब्ध नाही' असं घातलं. जहाजावरच्याचा पगार, घर, घराभोवतीची बाग हे मात्र मी आठवून सांगितलं.

मंगळवारी निकाल लागला. आमच्या घराण्यात आजवर कुणीही, एकाही बाबतीत, बरोबर निर्णय घेतलेला नव्हता. ह्यांनी पोस्टात जायला हवं होतं. भाऊजींनी चौकातलं दुकान घ्यायला हवं होतं. माझ्याबद्दल मॉडेल काही सांगू शकलं नाही, कारण माझे दोन्ही पर्याय एकच निघाले. आणि ताईनं जहाजावरच्याशी लग्न करायला हवं होतं, ब्याण्णव टक्के.

हे तो जेवताना मोठ्यानं वाचत होता. ब्याण्णव म्हणाला आणि भाऊजींच्या हातातला घास हातातच राहिला.

ह्यांनी सावरायला म्हणून विचारलं, "अरे, पण तसं झालं असतं तर तू कुठे असतास?"

"ते मी गणतीत धरलं नाही, काका. पक्षपात झाला असता."

भाऊजी उठले, हात धुतले आणि दुकानात गेले. संध्याकाळी ताईनं परक्याला पाठवावा तसा माझ्या हाती निरोप पाठवला, की चहाला वर या. भाऊजी कपाटातल्या फ्रेमा पुसत होते. एकच फ्रेम पुसत होते, खरं म्हणजे. म्हणाले, "जहाजावरच्याला बोलव म्हणावं. तो येईल बंदरावरून." बुधवारी घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. संचालकांचं ते आवाजाचं बटण आमच्याकडे आपोआप दाबलं गेलं होतं. आणि शुक्रवार दारात उभा.

मुलगा हबकला. आईबापांचं न मोडलेलं लग्न आपण मोडून बसलोय, हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्यानं ते केलं जे फक्त त्याच्या धंद्यातला माणूस करेल. माफी मागितली नाही, मॉडेल दुरुस्त केलं. सावलीचं वजन वाढवलं, मग ह्यांचं बरोबर आलं. 'मालक भला वाटणे' असा नवा रकाना घातला, भाऊजींचं बरोबर आलं. ताईचं काही केल्या येईना. जहाजावरचा पगारात, घरात, बागेत, सगळीकडे पुढे. म्हणून यानं आणखी रकाने घातले. माहेरापासूनचं अंतर. ओळखीचा रस्ता. आधी कुणी विचारलं. गाव बदलावं न लागणे. हळूहळू जहाज मागे पडलं, बुधवारी उशिरा बुडालं, आणि गुरुवारी सकाळी त्यानं जाहीर केलं, की आपल्या घरातला प्रत्येक निर्णय बरोबर होता. शंभर टक्के.

शंभर हा आकडा त्याच्या तोंडून आम्ही जन्मात पहिल्यांदा ऐकला. भाऊजी विरघळले. जाऊन सगळ्यांसाठी आईस्क्रीम घेऊन आले. ह्यांनी पोस्टाला नावं ठेवली. मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आता तुझी तीन कॉलेजं टाक की त्यात," भाऊजी म्हणाले.

त्यानं टाकली. उत्तर आलं, बसचं कॉलेज, नव्याण्णव टक्के.

मग ह्यांनी हळूच विचारलं, "आणि उरलेला एक टक्का?"

"घरीच राहावं."

ब्लाउज बेतताना एक पथ्य असतं. कापड अंगासरसं घ्यायचं, पण श्वासापुरती ढिलाई ठेवायची. नाहीतर शिवलेलं बसतं सुरेख, फक्त घालणाऱ्याला हात वर करता येत नाही. यानं आम्हा चौघांच्या अंगावर इतकं चपखल मॉडेल बेतलं होतं, की त्यात शिरल्यावर तोही आमच्यासारखाच होणार होता. माहेरापासून जवळ, ओळखीचा रस्ता, दुपारी सावली. आम्ही कुणी कधी कुठे गेलोच नव्हतो, मग ते बिचारं यंत्र तरी त्याला कुठे पाठवणार?

आणि तो मान डोलावत होता. "तपासलेलं मॉडेल आहे," म्हणत होता. "आता मला वाटून काय उपयोग?" हात त्या बसच्या कॉलेजच्या 'हो'च्या बटणाकडे निघाला होता.

मला वाटलं, ताईला आनंद होईल. मुलगा हाताशी राहील, डबा नेईल, रात्री घरी येईल. गेले सहा महिने ती मनातल्या मनात हेच मागत होती, मला ठाऊक आहे. बहिणी एका देवापुढे हात जोडतात तेव्हा एकमेकींचं मागणं ऐकू येतंच. ताई आईस्क्रीमच्या वाट्या गोळा करत होती. ती थांबली.

"माझ्या लग्नापुढे काय काय लिहिलंयस ते वाच बरं."

त्यानं वाचलं. "माहेरापासून अंतर कमी. ओळखीचा रस्ता. आधी विचारलं."

"झालं एवढंच?"

"आई, तूच काही सांगितलं नाहीस ना."

ताईनं वाट्या ठेवल्या. भाऊजींकडे न बघता म्हणाली, "मी यांच्या दुकानात डोळे तपासायला गेले होते. हे भिंगं बदलून विचारायचे, हे बरं की हे. मला पहिल्या भिंगातच सगळं स्वच्छ दिसत होतं. शेवटच्या ओळीतली मुंगीएवढी अक्षरंसुद्धा. पण तसं म्हटलं असतं तर खुर्चीतून उठावं लागलं असतं. म्हणून मी म्हणत राहिले, दुसरं. आता पहिलं. नाही, आधीचंच दाखवा."

भाऊजींनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"म्हणजे काय? चुकीचा नंबर निघाला. तो चष्मा घालून मी महिनाभर जिन्यावर ठेचकाळत होते. तक्रार घेऊन परत आले, तर तुम्ही पुन्हा तपासलंत. मी पुन्हा तेच केलं."

"अगं, मी त्या पायी माझी भिंगांची सगळी पेटी बदलली होती! मला वाटलं, भिंगंच सदोष आहेत! कंपनीशी भांडलो मी!"

"मला माहितीय. मी तिथेच होते. तिसऱ्यांदा आले होते."

ह्यांना हसू आवरेना. भाऊजींचा चेहरा असा झाला, की राग धरावा की कॉलर ताठ करावी, त्यांना ठरवता येईना. ही बरी की ही, म्हणतात ना, तसं.

ताई मुलाकडे वळली. "जहाजावरच्याला भेटले तेव्हा मी सगळी खरी उत्तरं दिली होती. घाल तुझ्या रकान्यात. आणि आता सांग, हे थंड गावच्या हवेला दोनच गुण का? तू तर थंडीतही पंखा लावून झोपतोस."

"तू म्हणालीस ना, तिथे छातीत कफ होईल."

"आणि तिथल्या नावाला तीन?"

"ते बँकेतल्या साहेबांनी सांगितलं."

"मोठ्या नावाला दहा?"

"मार्गदर्शकांनी."

"अरे, मग यातला तुझा एक तरी आकडा आहे का?"

त्यानं पडद्यावरचे रकाने वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिले. बोट टेबलावरच्या आईस्क्रीमच्या ओल्या वर्तुळात आपोआप फिरत होतं. पायरी, पायरी, टोकाला ठिपका. आम्ही चौघंही ते बोटच बघत होतो.

"दारुडा माझा आहे," तो म्हणाला.

"आणि तो कुठल्या गावचा?" ह्यांनी विचारलं.

ताई वाट्या घेऊन आत गेली आणि नळ जरा जास्तच मोठा सोडला. मी तिच्या मागे गेले नाही. काही वेळा नळालाच बोलू द्यावं.

शुक्रवारी सकाळी त्यानं थंड गावाला हो कळवलं. बटण दाबण्याआधी आईला विचारलं, "दाबू?" ती म्हणाली, "मला विचारलंस तर मी नको म्हणेन. म्हणून विचारू नकोस." त्यानं दाबलं. मी आपले तिथल्या तिथे हात जोडले. चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या तरी उत्तर आलं होतं, आणि एकदाच विचारल्यावर आलं होतं.

दुपारी कॉलेजचं पत्र आलं. अभिनंदन वगैरे झाल्यावर खाली लिहिलं होतं, की कोणते विद्यार्थी प्रवेश स्वीकारतील याचा विभाग दरवर्षी स्वतःच्या मॉडेलनं अंदाज बांधतो. त्यानुसार आपण येण्याची शक्यता अठ्ठावीस टक्के होती. त्यामुळे वसतिगृहात आपल्यासाठी खोली राखून ठेवलेली नाही. क्षमस्व.

ताईनं कपाळावर हात मारला. मुलगा मात्र खूश. "त्यांचं मॉडेल चूक नाही, आई. अठ्ठावीस टक्के गोष्टीही घडतातच."

"मग झोपणार कुठे, उरलेल्या बहात्तरांत?"

शेवटी तिथल्या एका धुलाईच्या दुकानाच्या वर खोली मिळाली. खालून रात्रंदिवस वाफ येते, म्हणजे खिडकीच्या काचा त्याच्या कामाला लागल्या. जाताना त्यानं तीन छत्र्या घेतल्या. एक आमच्याकडेच विसरला. भाऊजींनी निघताना त्याचे डोळे तपासले. पडद्याआडून "हे बरं की हे?" ऐकू आलं, आणि नंतर बराच वेळ तेच ऐकू येत राहिलं. ताई बाहेर कपाटापाशी उभी होती. म्हणाली, "उठायला नको असेल त्याला." आणि पदरानं स्वतःचा चष्मा पुसत राहिली.

आता रविवारी फोन येतो. परवा ह्यांनी आधी हिसकावला.

"काय रे, पडला का आपला दारुडा?"

"नाही काका. सरांनी काल कबूल केलं, उत्तर त्यांनाही येत नाही. दरवर्षी येणाऱ्या प्रत्येकाला ते तोच प्रश्न घालतात. जो समोरून उठत नाही त्याला घेतात."

"अरे वा! म्हणजे एवढ्या लांब जाऊन तिथेही येत नाहीच?"

"पण काका, आता का येत नाही ते कळायला लागलंय."

ह्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे मुलगा मार्गी लागला. मग ताईनं फोन घेतला. ती दुसरं काही विचारत नाही.

"जेवलास का?"

"हो."

ताई थबकली. फोन कानापासून दूर धरून तिनं माझ्याकडे पाहिलं, कुणा भलत्याचाच तर फोन नाही ना, अशा नजरेनं. मग पुन्हा कानाला लावला.

"खरंच जेवलास?"

"म्हणजे... लावलंय गॅसवर. सत्तर टक्के शिजलंय."